भुसावळच्या फलाटापासून लंडनच्या विमानतळापर्यंत: अंतर आणि वेळ कशी मोजायची

“भाऊ, आठून तठे जावाले कितला टाईम लागस?”

मुलगा किंवा मुलगी परदेशी स्थिरावली आणि आई-वडिलांचं पहिलं तिकीट मोबाइलवर येऊन पडलं, की हा प्रश्न येतोच. भुसावळात ओळखीतल्या बऱ्याच घरांत मी ते तिकीट समजावून द्यायला बसलो आहे. आपण रेल्वेच्या गावची माणसं. २४ तासांचं वेळापत्रक वाचणं आपल्याला शिकवावं लागत नाही. पोहोचायच्या वेळेतून सुटायची वेळ वजा केली, की प्रवासाचा वेळ हातात. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत घड्याळ एकच, त्यामुळे हा हिशेब कधी चुकत नाही. परदेशी विमानाच्या तिकिटावर मात्र तो हमखास चुकतो, कारण तिथे प्रत्येक वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाप्रमाणे छापलेली असते.

म्हणून माझं एकच आग्रहाचं सांगणं असतं: घराला कुलूप लावल्यापासून मुलाच्या दारात पोहोचेपर्यंतचा सगळा प्रवास आधी भारतीय वेळेत कागदावर लिहून काढा. तो कसा लिहायचा, हे मुंबई ते लंडन या जोडीवरून दाखवतो. मध्ये मध्ये न्यूयॉर्कही घेतो, कारण अंतर जास्त झालं की काही गोष्टी वेगळ्या दिसतात.

पहिली पायरी: विमानतळ नेमका कोणता

शहराचं नाव वाचून थांबू नका. लंडनला हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन आणि लंडन सिटी असे वेगवेगळे विमानतळ आहेत. हीथ्रो शहराच्या पश्चिमेला आणि गॅटविक दक्षिणेला. मुलगा एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे असलात, तर त्याला मोटारीने तासाभराहून जास्त यावं लागेल. न्यूयॉर्कचंही तसंच. केनेडी विमानतळ शहरात आहे, तर नूअर्क शेजारच्या न्यू जर्सी राज्यात.

आता आपल्याकडेही हे बघावं लागतं. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून वाहतूक सुरू झाली आहे. तिकिटावर ‘बीओएम’ अशी तीन अक्षरं असतील तर सहारचा जुना विमानतळ, ‘एनएमआय’ असतील तर नवी मुंबई. जळगावची अक्षरं ‘जेएलजी’ आहेत. ‘जेएलआर’ म्हणजे जबलपूर. इंटरनेटवर तिकीट शोधताना या दोन अक्षरसमूहांची गल्लत करू नका.

दुसरी पायरी: अंतर दोऱ्याने मोजा

घरात नातवंडांचा पृथ्वीगोल असेल तर तो आणा आणि शिवणाच्या डब्यातला दोरा घ्या. आधी विषुववृत्तावर दोरा गुंडाळून गोलाचा घेर मोजा. खऱ्या पृथ्वीचा घेर साधारण ४०,००० किलोमीटर. गोल ३० सेंटिमीटर व्यासाचा असेल तर त्याचा घेर ९४ सेंटिमीटर भरतो, म्हणजे दोऱ्याचा एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. आता दोऱ्याचं एक टोक मुंबईवर दाबून धरा आणि दुसरं लंडनवर ताणा. दोरा १७ सेंटिमीटर लागेल. १७ गुणिले ४२५ म्हणजे ७,२२५. अक्षांश-रेखांशांवरून काढलेलं अंतरही ७,२०० किलोमीटरच्या आसपासच येतं.

तोच दोरा मुंबईहून न्यूयॉर्ककडे ताणा. साडेएकोणतीस सेंटिमीटर, म्हणजे सुमारे १२,५०० किलोमीटर. पण इथे दोरा कुठून जातो ते नीट बघा. भिंतीवरच्या नकाशात मुंबई आणि न्यूयॉर्कमध्ये पट्टी ठेवली तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागरावरून जाते. गोलावरचा ताणलेला दोरा मात्र मुंबईतून निघून थेट उत्तरेकडे चढतो, मध्य आशिया आणि रशिया ओलांडून ६५ अंश उत्तर अक्षांशाच्या जवळ पोहोचतो आणि मग खाली न्यूयॉर्कला उतरतो. नकाशा सपाट आहे आणि पृथ्वी गोल आहे, एवढंच त्याचं कारण. विमानातल्या पडद्यावर रेघ वाकडी वर गेलेली दिसली, की पहिल्यांदा जाणारा माणूस घाबरतो. ती वाकडी दिसणारी वाटच सर्वांत जवळची असते. हा दोऱ्याचा प्रयोग मी घरातल्या लहान मुलांना करायला लावतो. आजी-आजोबांना तो सांगण्यापेक्षा बघून लवकर पटतो.

हे झालं सरळ अंतर. आपल्याकडच्याच उदाहरणाने सांगायचं तर जळगाव ते मुंबई सरळ रेषेत सुमारे ३५५ किलोमीटर आहे आणि रेल्वेने साधारण ४२०. लोहमार्गाला घाटापायी वळण घ्यावं लागतं, तसं विमानालाही काही हद्दी टाळण्यासाठी वळून जावं लागतं. २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैपर्यंत पाकिस्तानची हवाई हद्द बंद होती, तेव्हा आपल्याकडून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना वळसा घ्यावा लागला. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने ती भारतीय विमान कंपन्यांसाठी पुन्हा बंद केली. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर युरोप आणि अमेरिकेच्या विमानांना रशियावरून जाणं बंद झालं. तेव्हा अंतर तेच असलं तरी दोन कंपन्यांच्या वेळेत तासाभराचा फरक दिसला, तर त्यात खोट काही नाही. वाट वेगळी असते.

तिसरी पायरी: हवेतला वेळ

मोठं प्रवासी विमान उंचावर तासाला ९०० किलोमीटरच्या आसपास उडतं. पण वर चढायला आणि खाली उतरायला वेळ जातो, म्हणून मी सरासरी ८५० धरतो आणि वर अर्धा तास घालतो. लंडनसाठी ७,२०० भागिले ८५० म्हणजे साडेआठ तास, अधिक अर्धा, असे नऊ. न्यूयॉर्कसाठी हाच हिशेब सव्वापंधरा तासांवर जातो.

प्रत्यक्ष वेळापत्रकात मुंबईहून लंडनला जाताना साडेनऊ ते साडेदहा तास दिसतील आणि येताना नऊच्या आसपास. हा फरक वाऱ्याचा. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. जाताना हा वारा तोंडावर येतो, येताना पाठीशी असतो. शिवाय तिकिटावरचा वेळ चाकं जमिनीवर हलल्यापासून ते पलीकडे विमान दाराशी लागेपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीकडे जाणं आणि रांगेत थांबणंही आलं.

चौथी पायरी: तिकिटावरचं घड्याळ

इथे घाई करू नका. कागद-पेन घेऊनच बसा.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, एका अंशाला चार मिनिटं. आपली भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर बांधलेली आहे. भुसावळ पावणेशहात्तर अंशांच्या आसपास. म्हणून आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो तो सरासरी बारा वाजून सत्तावीस मिनिटांनी. देश एक म्हणून आपण एवढा फरक घड्याळात धरत नाही. लंडन मात्र शून्य रेखांशावर आहे. साडेब्याऐंशीला १५ ने भागा: साडेपाच तास. भारतात दुपारचे साडेबारा वाजतात तेव्हा लंडनला हिवाळ्यात सकाळचे सात वाजलेले असतात.

उन्हाळ्यात ते लोक घड्याळ एक तास पुढे करतात. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत फरक साडेचार तासांचा असतो. न्यूयॉर्कचा फरक हिवाळ्यात साडेदहा तास. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेनऊ. दोन्ही ठिकाणी आपण पुढे, ते मागे.

आता उदाहरण. समजा डिसेंबरचं तिकीट आहे. मुंबईहून सुटणं ०२:३०, लंडनला पोहोचणं ०७:३०, तारीख एकच. रेल्वेच्या सवयीने वजाबाकी केली तर पाच तास येतात, आणि पाच तासांत लंडन शक्य नाही. ०७:३० मध्ये साडेपाच तास मिळवा. भारतीय वेळ झाली दुपारी १३:००. आता ०२:३० वजा करा. साडेदहा तास. हे खरं.

परतीचं तिकीट: लंडनहून सुटणं २१:३०, मुंबईला पोहोचणं १२:००, आणि शेजारी बारीक अक्षरात ‘+१’. नुसती वजाबाकी केली तर साडेचौदा तास दिसतात आणि आई काळजीत पडते, की येताना इतका वेळ का. २१:३० मध्ये साडेपाच मिळवले तर भारतात पहाटेचे तीन. तीन ते बारा म्हणजे नऊ तास. तो ‘+१’ म्हणजे पोहोचण्याची तारीख पुढची. न्यायला येणाऱ्याला तारीख सांगताना याचाच घोटाळा होतो.

न्यूयॉर्कचं तिकीट तर बघणाऱ्याला चक्रावून टाकतं. मुंबईहून ०१:३० ला सुटून केनेडी विमानतळावर त्याच तारखेला सकाळी ०६:३०. साडेदहा तास मिळवले की संध्याकाळचे १७:०० होतात, म्हणजे प्रवास साडेपंधरा तासांचा.

आणि आता मध्यरात्र. हे मी माझ्या हातून झालेल्या चुकीवरून सांगतो, कारण ती दुसऱ्या कोणाच्या घरी होऊ नये.

माझ्या मामा-मामींचं लंडनचं तिकीट होतं १५ तारखेचं, सुटण्याची वेळ ००:५०. मी ‘१५’ वाचलं आणि त्यांचं रेल्वेचं आरक्षण १५च्या दुपारचं काढलं. १४ तारखेला रात्री दहाला मामेभावाचा लंडनहून फोन आला, की आई-बाबा आत गेले का, बॅगा दिल्या का. मामी तेव्हा प्रवासासाठी दशम्या करत होती. एक तव्यावर होती, बाकीच्या सुती फडक्यात रचून ठेवल्या होत्या. विमान सुटायला तीन तास राहिले होते आणि आम्ही भुसावळात. त्या रात्री कोणी कोणाला काही बोललं नाही, पण ती तव्यावरची दशमी करपल्याचा वास मला अजून आठवतो. नवीन तिकिटांचे पैसे गेले ते वेगळेच.

तेव्हापासून ००:०० ते ०४:०० मधलं कुठलंही विमान असलं, की मी तिकिटाच्या प्रिंटवर लाल पेनाने आदली तारीख लिहितो: ‘१४ला दुपारच्या आत घर सोडायचं.’ मुंबईहून पश्चिमेकडे जाणारी पुष्कळ विमानं याच वेळेत सुटतात, त्यामुळे ही चूक कोणाच्याही हातून होऊ शकते.

पाचवी पायरी: मध्ये थांबा असेल तर

दुबईमार्गे मुंबई ते लंडन अंतर फारसं वाढत नाही. मुंबई-दुबई सुमारे १,९३०, दुबई-लंडन साधारण ५,५००. दोन्ही मिळून ७,४०० च्या थोडं वर. वाढतो तो वेळ, कारण थांबा. पहिल्यांदा जाणाऱ्या वयस्कर माणसांना मी अडीच ते चार तासांचा थांबा सुचवतो. दीड तासाचा थांबा वेबसाइट विकते, पण पुन्हा सुरक्षातपासणी, लांब चालणं आणि गुडघेदुखी धरली तर तो पुरत नाही. चालणं जमत नसेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा.

दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असावेत. वेगवेगळी दोन तिकिटं स्वस्त पडतात खरी, पण पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीची जबाबदारी राहत नाही. बॅगा बाहेर घेऊन पुन्हा द्याव्या लागतात, आणि त्यासाठी मधल्या देशाचा व्हिसाही लागू शकतो.

सहावी पायरी: विमानापासून घराकडे उलटं मोजा

आपल्या खान्देशातल्या माणसाचा खरा प्रवास इथे आहे. वरचंच उदाहरण घेऊ: १५ तारखेला ०२:३० चं विमान, सहारच्या टर्मिनल दोनवरून.

बहुतेक कंपन्या परदेशी विमानाचं बॅगा घेण्याचं काउंटर सुटण्याच्या तासभर ते सव्वा तास आधी बंद करतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी साडेतीन तास आधी तिथे असावं. म्हणजे १४ला रात्री २३:००. ठाण्याला उतरून मोटारीने सहारपर्यंत जायला संध्याकाळच्या गर्दीत दीड तास धरा. गाडी उशिरा येण्यासाठी मी तीन तास ठेवतो. पावसाळ्यात इगतपुरी-कसारा घाटात दरड आली तर तीनही कमी पडतात. जून ते सप्टेंबरमध्ये मी आदल्या रात्रीच मुंबईत मुक्काम करायला सांगतो. मागे मोजत गेलो तर गाडी ठाण्याला संध्याकाळी साडेसहापर्यंत लागली पाहिजे. भुसावळ ते ठाणे साडेसहा-सात तास. म्हणजे भुसावळहून साडेअकराच्या आत सुटणारी गाडी, आणि घर सोडायचं साडेदहाला.

आता बेरीज करा. १४ला सकाळी १०:३० ला घर सोडलं. १५ला भारतीय वेळेप्रमाणे १३:०० ला लंडनला विमान लागलं. साडेसव्वीस तास. पासपोर्टची रांग, बॅगा आणि मुलाच्या घरापर्यंतचा रस्ता मिळून अडीच-तीन तास. एकूण एकोणतीसच्या पुढे, आणि त्यातले हवेतले फक्त साडेदहा. “लंडन दहा तासांवर आहे” असं जो सांगतो, तो मुंबईचा माणूस आहे.

रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. विमानाचं तिकीट त्याच्या कितीतरी आधी निघालेलं असतं, म्हणून कॅलेंडरवर खूण करून ठेवा. ते ६० दिवस १५ तारखेपासून नाही, १४ पासून मोजायचे.

धुळ्याची माणसं बहुधा रस्त्याने जातात. मालेगाव, नाशिक, कसारा घाट असा सव्वातीनशे किलोमीटरचा रस्ता, चहापाण्यासह सात तास, आणि भिवंडी-ठाण्याच्या कोंडीसाठी वर दोन. नंदुरबारकरांना सुरतमार्गे पश्चिम रेल्वेने येऊन बोरिवलीला उतरणं सोयीचं. तिथून सहार ठाण्यापेक्षा लांब नाही. सामान कमी असेल तर मुंबई मेट्रोच्या तीन नंबरच्या मार्गाचं स्टेशन आता टर्मिनल दोनपाशी आहे. पण २३ किलोंच्या दोन-दोन बॅगा घेऊन म्हाताऱ्या माणसांनी मेट्रोचा विचार करू नये.

जळगावच्या विमानतळाचं विचारणारे बरेच असतात. तिथून छोटी विमानं ‘उडान’ योजनेतून उडू लागली, पण मार्ग आणि वार बदलत आले आहेत. त्या आठवड्याचं वेळापत्रक बघूनच ठरवा. मुंबईला जाणारं विमान मिळालं, तरी ते वेगळं तिकीट आहे हे विसरू नका. ते रद्द झालं तर परदेशी विमान तुमच्यासाठी थांबणार नाही. त्या दिवशी दुपारची रेल्वे पकडता येईल इतकी सवड हाताशी ठेवून मगच ते घ्या.

औषधं आणि मनगटावरचं घड्याळ

मोबाइल उतरल्यावर स्वतःच तिथली वेळ घेतो. म्हणून प्रवासात मनगटावर एक साधं घड्याळ भारतीय वेळेचं असू द्या. मामींनी पुढच्या वेळी गेल्या तेव्हा लग्नातलं किल्लीचं घड्याळ लावलं होतं. लंडनला उतरेपर्यंत त्यांनी त्याला हात लावला नाही, आणि रक्तदाबाच्या गोळ्या त्याच्यावर बघून घेतल्या. पश्चिमेकडे जाताना दिवस साडेपाच तासांनी लांबतो, न्यूयॉर्कला साडेदहा तासांनी. मधुमेहाचं इन्सुलिन घेणाऱ्यांनी त्या लांबलेल्या दिवसाचं काय करायचं, हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना तिकीट दाखवूनच विचारावं. शेजाऱ्याच्या अनुभवावर हे ठरवू नये. गोळ्या हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसह.

येताना

परतीचा कागदही असाच लिहा. दुपारी १२:०० ला विमान लागलं, तर बाहेर यायला दीड-दोन तास. ठाण्याला जायला दुपारी तासभर पुरतो. तरी संध्याकाळी सहाच्या आतली गाडी घेऊ नका, कारण विमान दोन तास उशिरा आलं तर आरक्षण वाया जातं. गाडी भुसावळला मध्यरात्रीनंतर लागेल, म्हणजे तारीख पुन्हा एकदा बदललेली असेल. स्टेशनवर न्यायला येणाऱ्याला नुसती तारीख कळवू नका. वारही कळवा: “शनिवारी रात्री जेवून झोपू नकोस, एक वाजता फलाटावर ये.”